एचआरटी मानवत नाही, म्हणजे त्यातलं नेमकं काय मानवत नाही?

रातराणी | ४ मार्च, रात्री ११:५२

मैत्रिणींनो, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज झोप येतच नाहीये, तर लिहूनच टाकते.

वय ४९. पाळी जाऊन १४ महिने झाले. मानेपासून वाफ निघते ती कानांच्या पाळ्यांपर्यंत चढते, मग पाठीवरून घामाचे ओघळ आणि पाच मिनिटांत हुडहुडी. रात्री दोनदा तरी कपडे बदलावे लागतात. मध्येच छातीत धडधड. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी सगळं तपासून झालं, सगळं ठीक. पिशवी काढलेली नाही.

वर्षभरात एचआरटीचे, म्हणजे पाळी गेल्यावर देतात त्या हार्मोन्सचे, तीन प्रकार झाले. आधी इस्ट्रॅडिओल (हे इस्ट्रोजेन) २ मिग्रॅ आणि नॉरइथिस्टेरॉन (त्याच्या जोडीचं कृत्रिम प्रोजेस्टोजेन) एकत्र असलेली गोळी. पंधरवड्यात वाफा थांबल्या, पण छाती इतकी दुखायला लागली की कुशीवर वळता येईना. शिवाय कारण नसताना रडू यायचं. दीड महिन्यात बंद केली. मग इस्ट्रॅडिओलचा अंगावर चिकटवायचा ५० मायक्रोग्रॅमचा पॅच आणि सोबत मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या (हेही कृत्रिम प्रोजेस्टोजेन) गोळ्या. छातीचं दुखणं गेलं, रडू तसंच राहिलं, आणि पॅच काढला की त्याच आकाराचा लाल चौकोन उठलेला असायचा. सात आठवड्यांत तोही सोडला. आता पाच आठवडे झाले, इस्ट्रॅडिओलचं जेल आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची १०० मिग्रॅची कॅप्सूल चालू आहे. रडू थांबलंय, पण दिवसभर डोक्यात धुकं. परवा मीटिंगमध्ये समोरच्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द माझ्यापर्यंत पोचतच नव्हते. फार घाबरले मी.

आपल्याला हार्मोन्स मानवतच नाहीत असं समजून सगळं थांबवावं का? की चौथं काही करून बघावं? ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया लिहा.

शेवंती | ५ मार्च, सकाळी ६:१०

अगदी माझीच गोष्ट लिहिली आहेस. वाचतेय.

आभाळवेडी | ५ मार्च, सकाळी ७:३५

रातराणी, एकच प्रश्न. कॅप्सूल दिवसाच्या कुठल्या वेळेला घेतेस?

रातराणी | ५ मार्च, सकाळी ८:०२

सकाळी, जेल लावलं की लगेच. नाश्ता झाल्यावर. एकदमच सगळं आटपून जातं.

आभाळवेडी | ५ मार्च, सकाळी ८:२०

अगं, ती रात्री झोपताना घ्यायची असते! प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य तयार होतं, ते मेंदूला शांत करतं, पेंग आणतं. त्यात भरल्या पोटी घेतली तर कॅप्सूल जास्त शोषली जाते, म्हणजे गुंगीही जास्त. तुला कुणी सांगितलं नाही हे?

मी पहिल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता घेतली होती. आठ वाजता भिंतीला धरून खोलीत गेले. आता सगळं आवरून, दिवा मालवायच्या आधी घेते आणि पहाटेपर्यंत सलग झोपते. तीन वर्षांत अशी झोप लागली नव्हती. सकाळी जे औषध तुला विष वाटतंय ते रात्री वरदान वाटू शकतं. आजच वेळ बदल, आणि डॉक्टरांनाही कळव.

रातराणी | ५ मार्च, सकाळी ८:४१

चिठ्ठीवर फक्त 'दिवसातून एकदा' लिहिलंय. कुणीच सांगितलं नाही. आज रात्रीपासूनच बदलते.

रेवा | ५ मार्च, दुपारी १:१५

वेगळं मत मांडते. या हार्मोन्सनी स्तनाचा कर्करोग होतो हे २००२ मध्येच सिद्ध झालं आणि अमेरिकेतला तो अभ्यास अर्ध्यावर थांबवावा लागला होता. पाळी जाणं हा काही आजार नाही. आपल्या आया, आज्या यातून गेल्याच ना? दोन-तीन वर्षं सोसलं की जातं. चौथं काही शोधू नकोस, थांबव असंच मी म्हणेन.

चांदणी_७ | ५ मार्च, दुपारी ३:४८

रेवा, काळजीपोटी लिहिलं आहेस हे कळतं, पण आकडे पूर्ण मांडायला हवेत. त्या एका बातमीने बायकांची एक अख्खी पिढी उपचारांविना राहिली.

तो अभ्यास म्हणजे विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. जो भाग जुलै २००२ मध्ये थांबवला त्यात १६,६०८ बायका होत्या आणि त्यांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-दहा वर्षं उलटलेली. औषध होतं घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, दोन्ही तोंडाने घ्यायची गोळी. त्यात १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनकर्करोगाच्या ८ केसेस जास्त आढळल्या. हृदयविकाराच्या ७ जास्त, पक्षाघाताच्या ८ जास्त, फुफ्फुसातल्या गुठळीच्या ८ जास्त. मोठ्या आतड्याचा कर्करोग ६ ने कमी, खुब्याची हाडं मोडणं ५ ने कमी. ज्यांची पिशवी काढलेली होती त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, तो भाग २००४ मध्ये पक्षाघाताच्या धोक्यामुळे थांबवला. पण त्यात स्तनकर्करोग वाढलेला दिसला नाही.

म्हणून आता साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास असेल आणि मनाई करणारं काही कारण नसेल, तर बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त असं मानतात. आणि 'दोन-तीन वर्षं' हेही खरं नाही गं. स्वॅन नावाच्या अमेरिकेतल्या दीर्घ पाहणीत दोन आठवड्यांत किमान सहा दिवस वाफा येणाऱ्या बायकांमध्ये हा त्रास साधारण ७.४ वर्षं टिकला. सात वर्षं रात्री उठून कपडे बदलायचे?

रेवा | ५ मार्च, संध्याकाळी ५:३०

आकड्यांबद्दल आभार, सरासरी वय ६३ होतं हे मला माहीत नव्हतं. पण त्या ८ जणींमधली एक आपणच असलो तर? मला स्वतःलाच स्तनाचा कर्करोग झालाय. मी हार्मोन्स कधीच घेतली नव्हती, तरी ४७ व्या वर्षी झाला. आता टॅमॉक्सिफेन (कर्करोग परत येऊ नये म्हणूनची गोळी) चालू आहे आणि त्यामुळे वाफा येतात त्या निराळ्याच. म्हणून कुणी हे सहज घेतंय असं वाचलं की पोटात गोळा येतो.

चांदणी_७ | ५ मार्च, संध्याकाळी ५:५२

रेवा, माफ कर, मला कल्पना नव्हती. तू लिहिलंस ते बरं केलंस. तुझ्यासारखीसाठी काय, हेही या धाग्यावर यायलाच हवं.

स्टेथो | ५ मार्च, रात्री ९:४०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाला औषध सुचवणार नाही, ते समोर बसूनच व्हायला हवं. पण धाग्याच्या शीर्षकातला प्रश्न मला फार आवडला, म्हणून त्यावर लिहिते.

'एचआरटी मानवली नाही' असं म्हणत बायका येतात, तेव्हा मी तीन गोष्टी वेगळ्या करते. इस्ट्रोजेन कोणत्या वाटेने जातंय: गोळी, पॅच, जेल की स्प्रे. किती जातंय. आणि सोबतचं प्रोजेस्टोजेन कोणतं. गर्भाशय असेल तर हे सोबतचं औषध लागतंच, कारण नुसत्या इस्ट्रोजेनने आतलं अस्तर वाढत राहतं आणि तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो. १९७५ पासून हे ठाऊक आहे. पण बऱ्याच वेळा त्रास देणारं असतं ते हेच सोबतचं औषध, आणि खापर फुटतं सगळ्या उपचारावर.

रातराणी, तुमचंच उदाहरण घ्या. गोळीवर छाती दुखली, पॅचवर थांबली. म्हणजे बहुधा इस्ट्रोजेनची मात्रा जास्त झाली असावी. त्याच औषधात १ मिग्रॅची गोळीही असते, तिचा विचार झाला असता. रडू मात्र नॉरइथिस्टेरॉनवरही होतं, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनवरही होतं, आणि आता नाही. म्हणजे कृत्रिम प्रोजेस्टोजेन तुमच्या मनाला झेपत नसावं. लाल चौकोन हा चिकटद्रव्याचा दोष, त्याचा हार्मोनशी संबंध नाही. धुक्याबद्दल आभाळवेडींनी लिहिलंच आहे. म्हणजे तीन उपचार फसले असं तुम्ही म्हणता, मला मात्र वर्षभरात चार उत्तरं मिळालेली दिसतात.

फक्त दर वेळी दोन्ही औषधं एकदम बदलली गेली, आणि दीड-दोन महिन्यांत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि सहन होण्यासारखं असेल तर तीन महिने द्यावेत. सुरुवातीचे तीन ते सहा महिने अधूनमधून अंगावरून रक्त जाऊ शकतं. सहा महिन्यांनंतरही जात असेल, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराची तपासणी हवीच.

आणखी एक. एचआरटी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं काळजी घ्यायची असते, पन्नाशीनंतर एक वर्ष. तुमचे १४ महिनेच झालेत.

रातराणी | ५ मार्च, रात्री १०:०५

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'चार उत्तरं' वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि हे पाणी नॉरइथिस्टेरॉनचं नव्हे. गर्भनिरोधनाबद्दल तर आम्ही दोघं निर्धास्त होतो! विचारते लगेच.

जाईजुई | ६ मार्च, सकाळी १०:२२

थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे वाचाच. मी दहा वर्षं लेव्होथायरॉक्सिनच्या एकाच मात्रेवर ठणठणीत होते. इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली आणि दोन महिन्यांत केस गळायला लागले, पाय ओढत चालायची वेळ आली. मला वाटलं हार्मोन्स लागू पडत नाहीत. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केला तर चांगलाच वाढलेला, म्हणजे थायरॉइड हार्मोन कमी पडत होतं. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं, तिथे थायरॉइड हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन जास्त बनतं, म्हणून गोळी कमी पडते. पॅचवर गेले तेव्हा टीएसएच आपोआप जागेवर आला. त्वचेतून घेतलेलं यकृताला वळसा घालून रक्तात जातं.

स्टेथो | ६ मार्च, दुपारी २:०८

बरोबर. रक्ताच्या गुठळीचंही कारण तेच, यकृतात गोठण्याचे घटक वाढतात. फ्रान्समधल्या एस्थर अभ्यासात गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढला, त्वचेतून घेतलेल्या इस्ट्रोजेनने वाढलेला दिसला नाही. म्हणून वजन जास्त असेल, घरात कुणाला गुठळ्या झाल्या असतील, मायग्रेन असेल, तर मी पॅच किंवा जेलनेच सुरुवात करते. आणि फिट्ससाठी लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावं, इस्ट्रोजेनमुळे रक्तातली त्याची पातळी खाली येऊ शकते.

कवडसा | ६ मार्च, रात्री ९:१५

मी पुरुष आहे, लिहिलं तर चालेल ना? बायकोच्या परवानगीने लिहितोय.

तिची पाळी पूर्ण गेली नव्हती तेव्हा रोज इस्ट्रोजेन आणि महिन्यातले १२ दिवस मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असं दिलं होतं. वाफा गेल्या, पण अधूनमधून असे दिवस यायचे की ती खोलीतून बाहेर येत नसे. डॉक्टर म्हणाले, नैराश्य आहे, त्याची गोळी देऊ. तिने ऐकलं नाही. कपाटाच्या दाराला आतून एक कॅलेंडर लावलं आणि रोज रात्री पेन्सिलने एक गोल काढायला लागली. चांगला दिवस असेल तर रिकामा, वाईट असेल तर पूर्ण भरलेला, बरा-वाईट असेल तर अर्धा. बाकी काही लिहायचं नाही, कारण तेवढंही त्राण नसायचं. कधी ती विसरली तर मी विचारून गोल काढायचो.

तीन महिन्यांनी ती पानं शेजारी शेजारी धरली. काळे गोल एका पट्ट्यात, तिन्ही महिन्यांत त्याच १२ दिवसांच्या जागी. त्यातले पहिले दोन अर्धे, मग सगळे भरलेले, आणि गोळी संपल्याच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा रिकामे. दुसऱ्या डॉक्टरांनी ती पानं अर्धा मिनिट बघितली आणि म्हणाल्या, इस्ट्रोजेनला हात लावायचा नाही. मग गर्भाशयात लेव्होनॉर्जेस्ट्रेलची (हेही एक प्रोजेस्टोजेन) ५२ मिग्रॅची कॉइल बसवली. अस्तराचं संरक्षण पाच वर्षं, औषधाचा बराचसा भाग गर्भाशयातच राहतो. सुरुवातीचे चार महिने सारखे डाग लागायचे, त्याने वैतागली होती. पण काळे गोल गेले.

रात्रीचं पंख्याचं म्हणाल तर आमच्यात तह झालाय. पंखा तिच्या ताब्यात, दोन पांघरुणं माझ्या ताब्यात.

शेवंती | ६ मार्च, रात्री ९:३३

कवडसा, तुमच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन. ते पेन्सिलचे गोल आजपासून माझ्याकडे सुरू.

आभाळवेडी | ६ मार्च, रात्री १०:४७

कॉइल सगळ्यांनाच लागू पडते असं नाही हं. माझ्या बहिणीला तिच्यावरही मूड खाली गेला, आठ महिन्यांनी काढली. लेव्होनॉर्जेस्ट्रेल थोडं तरी रक्तात जातंच. ती आता डायड्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या प्रोजेस्टोजेनवर बरी आहे. एकीला जे मानवतं ते दुसरीला मानवेलच असं नाही, सख्ख्या बहिणींतसुद्धा.

प्राजक्त | ७ मार्च, सकाळी ११:००

चांदणी, ते घोडीच्या मूत्राचं खरं आहे का? मी हादरले वाचून.

चांदणी_७ | ७ मार्च, सकाळी ११:२६

हो, गाभण घोडीच्या. १९४२ पासून अमेरिकेत ते औषध आहे, आणि त्याचं प्रीमॅरिन हे नाव 'प्रेग्नंट मेअर्स युरिन' या शब्दांतूनच बनवलंय. पण आता पॅच, जेल, बऱ्याचशा गोळ्या यांत असतं ते इस्ट्रॅडिओल, आपल्या बीजकोशात बनतं हुबेहूब तेच. ते वनस्पतींपासून मिळणाऱ्या घटकांवर प्रक्रिया करून बनवतात.

प्राजक्त | ७ मार्च, दुपारी १२:१०

मग 'बायोआयडेंटिकल' म्हणून त्वचेखाली गोळी रुजवतात ती चांगलीच ना? मला एका क्लिनिकमध्ये सांगितलं की ती पूर्ण नैसर्गिक असते, तिला धोकाच नाही.

स्टेथो | ७ मार्च, रात्री ८:५५

प्राजक्त, 'धोकाच नाही' असं जिथे सांगतात तिथून उठून यावं. जेल, पॅच आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन ही तपासलेली, मात्रा ठरलेली औषधंसुद्धा रेणूने हुबेहूब शरीरातल्यासारखीच आहेत. म्हणजे बायोआयडेंटिकलसाठी वेगळं कुठे जायला नको. ऑर्डरप्रमाणे बनवून त्वचेखाली ठेवलेल्या गोळीतून किती हार्मोन सुटेल याचा भरवसा नसतो, आणि जास्त झालं तर पॅचसारखं ओढून काढता येत नाही. माझ्याकडे आवाज घोगरा झालेली एक बाई आली होती, टेस्टोस्टेरॉन जास्त पडल्याने. तो आवाज नीट परत आला नाही.

टेस्टोस्टेरॉनबद्दल कुणी विचारणारच, म्हणून सांगते. २०१९ च्या जागतिक तज्ज्ञ-सहमतीनुसार पाळी गेलेल्या बाईला ते द्यायला पुरावा असलेलं कारण एकच: कामेच्छा कमी होऊन तिचा मनस्ताप होणं. थकवा, वजन, स्मरणशक्ती यांसाठी नाही.

सुरंगी | ८ मार्च, दुपारी ४:१२

मी वयाने मोठी, ६४. विषय तुमचा चाललाय हार्मोन्सचा, पण खालच्या कोरडेपणाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मला वाफांचा त्रास झालाच नाही. पण साठीनंतर लघवीला जळजळ आणि इन्फेक्शन, वर्षात पाच वेळा अँटिबायोटिक. बसायला नको, चालायला नको. कुणाला सांगायची लाज. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आपणहून विचारलं आणि योनीमार्गात ठेवायची १० मायक्रोग्रॅमची इस्ट्रोजेनची बारीक गोळी दिली. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. दीड वर्षात एकदाच इन्फेक्शन झालं.

पाऊलवाट | ८ मार्च, दुपारी ४:५०

सुरंगी मावशी, किती बरं वाटलं तुम्ही लिहिलंत ते. माझ्या आईला हेच होतंय, आजच फोन करते.

स्टेथो | ८ मार्च, रात्री ९:३०

सुरंगीताईंच्या प्रतिसादाला जोड: ही मात्रा इतकी कमी आहे की रक्तात जवळजवळ जात नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही, आणि वर्षानुवर्षं घेता येते. बंद केली की कोरडेपणा परत येतो. वाफा जशा काही वर्षांनी ओसरतात तसं याचं नसतं.

रेवा, तुमचं विसरले नाही. टॅमॉक्सिफेन चालू असताना वाफांसाठी पॅरॉक्सेटिन हे नैराश्याचं औषध नको, कारण ते टॅमॉक्सिफेनचं काम करणारं रूप बनू देत नाही. कुणी लिहून दिलं तर विचारा. व्हेनलाफॅक्सिनने ती अडचण सहसा येत नाही. आता मेंदूतल्या तापमान-नियंत्रणावरच काम करणारी, हार्मोन नसलेली औषधं आली आहेत. फेझोलिनेटंटला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ते घेताना यकृताच्या तपासण्या सक्तीच्या. एलिन्झानेटंटची एक चाचणी तर स्तनकर्करोगासाठी हार्मोनविरोधी उपचार घेणाऱ्या बायकांमध्येच झाली, निकाल २०२५ मध्ये आले. तुमच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोला. 'सोसा' हे उत्तर तुम्हालाही नाही.

रेवा | ८ मार्च, रात्री ९:५८

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी हे म्हणालं. धन्यवाद.

पाऊलवाट | ९ मार्च, रात्री १२:२०

रात्री लिहितेय, घरात सगळे झोपलेत. मी ३६ वर्षांची आहे. माझी पाळी ३४ व्या वर्षी गेली. डॉक्टरांनी एचआरटी दिली, पण कर्करोगाच्या भीतीने मी दोन महिन्यांत बंद केली. वरचे सगळे प्रतिसाद पन्नाशीतल्यांचे आहेत. माझ्यासारखीने काय करायचं?

स्टेथो | ९ मार्च, सकाळी ७:०५

पाऊलवाट, आज उठल्यावर पहिलं तुम्हालाच लिहितेय. चाळिशीच्या आत बीजकोशाचं काम थांबणं ही वेगळी गोष्ट आहे. तुम्ही जास्तीचं काही घेत नसता, या वयात शरीरात जे असायला हवं तेच भरून काढत असता. ते नसलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. म्हणून नेहमीच्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत, साधारण ५१ पर्यंत, घ्यायला सांगतात. आणि मात्रा बऱ्याचदा पन्नाशीतल्या बाईपेक्षा जास्त लागते. ते ६३ वर्षांच्या बायकांचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, हाडांची घनताही तपासून घ्या.

सुरंगी | ९ मार्च, सकाळी ८:१५

पाऊलवाट, बाळा, एकटी रात्री जागत बसू नकोस. भेटून आलीस की इथे लिही, मी वाट बघते.

जाईजुई | १० मार्च, सकाळी ९:४४

पॅचवाल्यांसाठी, विशेषतः ज्यांचा निघून येतो त्यांच्यासाठी. आंघोळीनंतर कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर, क्रीम-तेल न लावलेल्या जागी, कमरेच्या खाली लावायचा. कमरपट्टा घासतो ती रेघ टाळायची. छातीवर कधीच नाही. लावल्यावर तळहाताने दहा सेकंद दाबून धरायचा, हाताच्या उबेने कडा बसतात. दर वेळी बाजू बदलायची. जुन्या पॅचच्या कडेने धुळीचा काळा चौकोनी काठ उरतो, तो घासायचा नाही, तेलाचं बोट फिरवलं की निघतो. लाल होत असेल तर मागचा कागद काढून दहा-पंधरा सेकंद हवेत धरायचा आणि मग लावायचा.

आभाळवेडी | १० मार्च, सकाळी १०:१०

आणि जेलवाल्यांनी वाळेपर्यंत पाच मिनिटं थांबायचं, हात धुवायचे, तासभर ती जागा कुणाला लागू द्यायची नाही, पाण्याखालीही न्यायची नाही. घरात लहान मूल असेल तर दंडाऐवजी मांडीला लावलेलं बरं. माझा नातू येऊन दंडालाच बिलगतो, म्हणून मी जागा बदलली.

रातराणी | १७ जुलै, रात्री ९:२०

धागा वर आणतेय. खूप जणींनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून इथेच लिहिते.

कॅप्सूल रात्री घ्यायला लागले आणि आठवड्याभरात धुकं गेलं. दुसरं काहीही बदललं नाही. कपाटाच्या दाराला कॅलेंडर लावलं, गोल काढत राहिले. तीन महिन्यांनी बघितलं तर भरलेला गोल एकही नाही, पण अर्धे बरेच, आणि सगळे पहाटे चारच्या वाफेमुळे झोप मोडलेल्या दिवसांचे. मी जेल दोन पंप लावत होते. डॉक्टरांना पानं दाखवली, त्यांनी तीन केले, कॅप्सूल तीच ठेवली. आता पाच आठवडे झाले. पहिल्या दहा दिवसांत छाती जराशी हुळहुळली, मग थांबली. कपडे बदलायला शेवटची कधी उठले ते कॅलेंडरमध्ये शोधावं लागलं: ११ जून.

मार्चअखेरीस दोनदा डाग लागले होते. घाबरून थांबवणार होते, पण डॉक्टरांशी बोलले. सोनोग्राफी झाली, अस्तर ठीक होतं, त्यानंतर काही नाही. तेव्हा अजून नऊ महिने गर्भनिरोधनही होतं. आता साडेपाच राहिले.

मला हार्मोन्स मानवत होती. सकाळची वेळ मानवत नव्हती, आणि दोन कृत्रिम प्रोजेस्टोजेन.

पाऊलवाट | १७ जुलै, रात्री ९:४५

किती छान बातमी! मीही पुन्हा सुरू केलं, पॅच आणि कॅप्सूल. हाडांची घनता थोडी कमी निघाली, पण वेळेत कळलं. सुरंगी मावशी, तुम्हाला वेगळं लिहिलंय.

रेवा | १७ जुलै, रात्री १०:३०

मला व्हेनलाफॅक्सिन सुरू केलंय. पहिला आठवडा मळमळीत गेला. आता रात्री चारदा उठायचे ती एकदा उठते. रातराणी, मी तेव्हा 'थांबव' म्हणाले होते. तू थांबवलं नाहीस याचा मला आनंद आहे.

रातराणी | १७ जुलै, रात्री १०:३४

रेवा, एकदासुद्धा उठावं लागलं नाही की मला कळव. कितीही वाजता.